कोट मच्छीमारांचा, गिऱ्हाईक शहरी

इंग्लंडच्या साउथ शील्ड्स बंदरात जॉन बार्बर यांनी १८९४ साली दुकान काढले. गिऱ्हाईक म्हणजे खलाशी, मच्छीमार आणि गोदी कामगार. पाणी आत शिरू नये, एवढीच त्यांची मागणी. त्यासाठी तेल चढवलेल्या कापडाचे कोट विकले जात. पुढे ते शेतकरी व मोटारसायकलस्वारही घालू लागले.

१९८० साली घोडेस्वारांसाठी 'बिडेल' नावाचा आखूड कोट निघाला. तो लंडनच्या साहेबांनी थेट सुटावर चढवला! २०१२ च्या बाँडपटात नायकाच्या अंगावरही बार्बरचेच जाकीट दिसले. आज ही कंपनी शर्ट, बूट, पिशव्याही विकते आणि बराचसा माल बाहेर बनवून घेते.

पण मेण चढवलेले पारंपरिक कोट अजूनही साउथ शील्ड्सलाच शिवले जातात. फाटलेला कोट पाठवा. ठिगळ लावून, नवे मेण चढवून परत मिळतो. शौकाने घेणाऱ्यालाही हा भरवसा मोलाचा वाटतो.

आमच्या मते आपल्या शिंपी व चर्मकारागीर बांधवांनी नेमके हेच हेरावे. नवे गिऱ्हाईक आले म्हणून नक्षी जरूर वाढवा, पण शिवण कच्ची करू नका आणि दुरुस्तीला आलेला माल परत पाठवू नका. फॅशन उद्या बदलेल. दुरुस्तीला आलेले गिऱ्हाईक मात्र पुन्हा येते.