सुट्टीत दात बसवून घेताना

सिंगापुरात नोकरी करणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांत दाताचे काम भारतवारीसाठी राखून ठेवले जाते. त्याला सबळ कारण आहे. मेडिसेव्हचा पैसा नागरिक व कायम रहिवाशांच्याच सीपीएफ खात्यात साठतो आणि दंतोपचारात तो प्रामुख्याने शस्त्रक्रियेसाठी वापरता येतो. फिलिंग, कॅप वा कवळीचा खर्च सर्वसाधारणपणे त्यातून भागत नाही. चास योजनेची सवलत नागरिकांपुरतीच आहे. एम्प्लॉयमेंट पासवर राहणाऱ्याच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही, आणि पुण्या-मुंबईत तेच काम बरेच स्वस्त पडते. मात्र या हिशेबात पैसे मोजले जातात, दिवस क्वचितच.

किडलेल्या दाढेचे रूट कॅनल व त्यावरील कॅप ही कामे पंधरा दिवसांत बहुधा उरकतात. सुट्टी संपली म्हणून कॅप ‘पुढच्या खेपेला’ ठेवणे मात्र महागात पडते. आतून पोखरलेली दाढ चावण्याच्या दाबाने तडकते, आणि तडा मुळापर्यंत गेला की वाचू शकणारी दाढ काढावी लागते.

दात गेलाच असेल, तर कवळी, ब्रिज आणि इम्प्लांट हे मार्ग उरतात. काढता-घालता येणारी कवळी सर्वांत स्वस्त. तिची सवय होण्यास वेळ लागतो, इतकेच. ब्रिजसाठी शेजारचे दोन दात घासून बारीक करावे लागतात. ते निरोगी असतील, तर हे नुकसान कायमचे होय. त्यांना आधीच कॅपची गरज असेल, तर ब्रिजसारखा सोयीचा उपाय नाही. दात काढल्यावर हिरडी व हाड काही महिने आकसत राहते. त्यामुळे घाईने बसवलेल्या पक्क्या ब्रिजखाली पुढे फट पडू शकते.

इम्प्लांटचे वेळापत्रक तर हाडच ठरवते. टायटॅनियमशी जिवंत हाड एकजीव होते, हे स्वीडिश संशोधक ब्रोनेमार्क यांना 1950 च्या दशकात आढळले आणि 1965 मध्ये गोटेनबर्ग येथे त्यांनी पहिल्या रुग्णावर या पद्धतीने उपचार केले. हे सांधणे आजही साधारण तीन ते सहा महिने घेते. काही रुग्णांना त्याच दिवशी तात्पुरता दात देता येतो. तो निर्णय हाडाच्या पकडीवरून व्हावा, परतीच्या तिकिटावरून नव्हे. म्हणून इम्प्लांट करायचेच असेल, तर दोन वाऱ्यांचा बेत आखावा, नाहीतर सगळे काम सिंगापुरातच करावे.

घरच्या ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी काही पाहावे लागते. अनियंत्रित मधुमेह, तंबाखू आणि वर्षानुवर्षांची मिश्री यांमुळे हिरड्या दुबळ्या होतात आणि इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या काही औषधांमुळे जबड्याची जखम भरण्यास अडथळा येतो, तेव्हा दात काढण्यापूर्वीच डॉक्टरांना सर्व औषधांची यादी दाखवावी.

एक बाब बहुतेकांच्या ध्यानातून सुटते. इम्प्लांटचे सुटे भाग कंपनीगणिक वेगळे असतात. भारतात बसवलेल्या दाताचा स्क्रू सिंगापुरात सैल झाला आणि कंपनी, मॉडेल वा माप यांची नोंद नसेल, तर योग्य भाग शोधण्यातच दंतवैद्याचा वेळ जातो. इम्प्लांटच्या वेष्टनावर हा तपशील असलेले लेबल असते. ते आणि अखेरचा एक्स-रे दवाखाना सोडण्यापूर्वी मागून घ्यावा.