पुढच्या आसनावरचा माणूस

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामाची पिवळीधमक रोल्स रॉइस उभी आहे. 1912ची सिल्व्हर घोस्ट. सहावे निजाम महबूब अली खान यांनी ती मागवली, पण 1911मध्ये ते वारले आणि गाडी आली ती पुढचे निजाम उस्मान अली खान यांच्या दारी. बार्कर कंपनीनं तिच्यावर घुमटाकार छत चढवलं, मागे उंच राजगादी बसवली. लोक त्या गादीसाठी थांबतात. माझी नजर दर वेळी पुढे, ड्रायव्हरच्या जागेकडे जाते.

लहानपणी नांदेडहून हैदराबादला येताना मी एसटीत ड्रायव्हरमागचं बाक पकडायचो. स्टँडमध्ये गाडी वळवताना तो सीटवरून अर्धा उठायचा आणि सगळं अंग स्टिअरिंगवर टाकायचा. शर्ट पाठीला चिकटलेला असायचा. पॉवर स्टिअरिंगची मोटार बाजारात आली तीच मुळी 1951मध्ये, अमेरिकेत. तोवर बाजारातल्या मोटारींची चाकं माणसाच्या दंडावर वळत होती.

तरी हे काम नुसत्या ताकदीचं नाही. जड गाडीचं पहिलं पथ्य म्हणजे ती उभी असताना स्टिअरिंग ओढायचं नाही. चाक जरासं फिरू द्यायचं, मग वळवायचं; बराच भार आपोआप उतरतो. वेगात असली की ती हाताला हलकी लागते, मुंगीच्या पावलानं न्यायची म्हटलं की दगडासारखी जड होते. आणि निजामाची गाडी तर बनली होती मिरवणुकीसाठीच! दोन्ही बाजूंना गर्दी, मागे राजगादी, आणि धक्का म्हणून बसता कामा नये.

सुमारे साडेसात लिटरचं सहा सिलिंडरांचं इंजिन इथे मदतीला यायचं. हळू चालतानाही ते अडखळत नसे, त्यामुळे गिअर कमी बदलावे लागत. पण बदलायचे म्हटले की खरी परीक्षा. गिअरचे वेग आपोआप जुळवणारं सिंक्रोमेश आलं 1928मध्ये, कॅडिलॅकमध्ये. त्याआधी खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल करायचं, क्लच सोडून थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर. आपले ट्रकवाले याला डबल क्लच म्हणतात. क्षणाचा अंदाज चुकला की गिअरचे दात करकरतात, आणि तो आवाज मागच्या गादीपर्यंत पोचणारच.

ब्रेक फक्त मागच्या चाकांना. तेव्हा माणूस आडवा आल्यावर ब्रेक शोधून भागत नाही, तो येईल हे आधीच हेरावं लागतं. सेल्फ स्टार्टरही सिल्व्हर घोस्टला 1919मध्ये मिळाला. त्याआधी पुढे उभं राहून हँडल मारायचं. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, त्याभोवती वळवायचा नाही. इंजिन उलटं फिरलं तर हँडल झटका देतं आणि अंगठा मोडतो.

चौमहल्ल्यात गेलात तर पुढचं स्टिअरिंगही नीट बघा. सिल्व्हर घोस्टच्या ड्रायव्हरला ठिणगीची वेळ आणि इंजिनाचा वेग तिथल्याच छोट्या दांड्यांनी, हातानं सांभाळावा लागे, चाक वळवता वळवता.