तापणारी गाडी (भाग ७) : काढून टाकलेला थर्मोस्टॅट

हेड गॅसकेटचे बुडबुडे या आठवड्यात बघायचे होते. ते पुढे ढकलतोय, कारण श्रीवर्धनच्या एका वाचकांचं पत्र आलंय. त्यांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचा कॅम्पर करून घेतलाय : दोन बर्थ, ओटा, सिंक, पाण्याची टाकी. गाडी म्हसळ्यापर्यंत गुमान येते आणि घोणसे घाटात काटा लालकडे सरकायला लागतो. रेडिएटर नवा, वॉटर पंप नवा, होज नवे, खिसा रिकामा. पुढे ते लिहितात, "थर्मोस्टॅट तर मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी काढून टाकला, त्यामुळे तो प्रश्नच मिटला." मला मात्र वाटतं, तो प्रश्न त्याच दिवशी सुरू झाला. म्हणून हा अख्खा भाग त्या एका ओळीला.

रेवसपासून बाणकोटच्या खाडीपर्यंत कुठल्याही गॅरेजात जा, गाडी तापते म्हटलं की पहिला पाना थर्मोस्टॅटच्या घरावर पडतो. झाकण उघडायचं, आतली चीज काढून फळीवर ठेवायची, झाकण परत आवळायचं. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं : आपल्याकडे थंडी कुठंय, हे लोढणं बर्फातल्या गाड्यांना. ऐकायला पटतं. पाण्याच्या वाटेत उभी असलेली झडप काढली की पाणी जास्त वाहणार, जास्त वाहिलं की गाडी थंड राहणार. मिस्त्री काही अडाणी नाहीत. ज्या जुन्या इंजिनांवर त्यांच्या उस्तादांचे हात बसले, त्यातल्या काहींत बायपास (रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी वाट) नसेच, किंवा असला तर अगदी बारीक. तिथे ही युक्ती खरोखर चालून जायची.

ट्रॅव्हलरचं इंजिन त्या जातीचं नाही. बजाज टेम्पोने (२००५ पासून फोर्स मोटर्स) मर्सिडीजच्या परवान्यावर जे ओएम ६१६ आकुर्डीत आणलं, त्या घराण्यातलं हे डिझेल आहे, आणि त्याच्या थर्मोस्टॅटला एक नाही, दोन चकत्या असतात. तुमच्या मिस्त्रींच्या फळीवर तो अजून पडला असेल तर हातात घेऊन बघा. मधे बोटाच्या पेराएवढी धातूची कुपी, तिच्याभोवती स्प्रिंग. वरची मोठी चकती रेडिएटरची वाट अडवून बसलेली. खालच्या टोकाला, सहज नजरेतून सुटेल अशी, दुसरी लहान चकती. सगळी मेख त्या लहान चकतीत आहे.

इंजिन गार असताना मोठी चकती बंद आणि लहान उघडी असते. हेडमधून आलेलं पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासमधून पंपात येतं आणि पंप ते परत इंजिनात ढकलतो. पाणी ८० अंशांच्या आसपास पोचलं की कुपीतलं मेण वितळून फुगतं आणि चकत्या सरकू लागतात. मोठी रेडिएटरची वाट उघडते, लहान बायपासच्या तोंडावर जाऊन बसते. पूर्ण उघडल्यावर पाण्याला रेडिएटरशिवाय दुसरा रस्ता राहत नाही.

आता हा तुकडा काढून टाका. रेडिएटरची वाट मोकळी झाली खरी, पण बायपासही कायमचा उघडा राहिला. पाणी नेहमी सोप्या वाटेने जातं. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून उतरण्यापेक्षा बायपासची आखूड वाट त्याला सोपी. त्यामुळे उकळत्या पाण्यातला मोठा हिस्सा हवा न खाता पुन्हा इंजिनात जातो. रेडिएटर कितीही नवा घाला, जे पाणी त्याच्यापर्यंत येतच नाही ते तो गार कसं करणार?

मग गाडी सपाटीवर का तापत नाही? कारण तिथे इंजिनावर ताण कमी असतो आणि थोडं पाणी चुकार राहिलं तरी भागतं. चढाला हिशेब बिघडतो. ही जुनी डिझेल इंजिनं थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारत नाहीत, हेडमधल्या छोट्या खोलीत फवारतात. अशी इंजिनं थेट फवाऱ्याच्या इंजिनांपेक्षा जास्त उष्णता पाण्यात सोडतात. त्यात कॅम्परचं वजन. प्रवासी गाडी निदान परतताना कधी रिकामी धावते. कॅम्परमधले पलंग, ओटा, गॅसची टाकी, भरलेलं पाणी सदैव अंगावर असतं. एसी बसवला असेल तर त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसून वाऱ्याची वाटही अडवतो. घोणसे घाटात दुसऱ्या गिअरमध्ये, तीस-पस्तीसच्या वेगाने, मागून वारा असताना हे सगळं एकदम अंगावर येतं.

थर्मोस्टॅट तपासायला गॅरेज लागत नाही. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा लटकवा की तळाला टेकणार नाही, शेजारी स्वयंपाकघरातला थर्मामीटर सोडा आणि गॅस मंद ठेवा. पातेलं जुनं घ्या, घरचे लोक नंतर त्यात चहा करू देत नाहीत. सत्तर-पंच्याहत्तरपर्यंत काहीच हालचाल दिसत नाही. मग ८० च्या जवळ मोठ्या चकतीच्या कडेला केसाएवढी फट दिसते, ती हळूहळू रुंदावते आणि पंचाण्णवच्या आत चकती पूर्ण खाली उतरते. त्याच वेळी लहान चकतीकडे बघा, तीही तेवढीच सरकलेली असते. चकती अर्ध्यावर अडकली किंवा वाकडी उतरली, तर तो तुकडा भंगारात जायला हरकत नाही. पण त्याच्या जागी नवा बसवा, जागा रिकामी ठेवू नका.

ही मेणाची कुपी सर्जियस व्हर्नेट या डेट्रॉइटच्या माणसाने १९३० च्या दशकात काढली. त्याआधी लवकर उडणाऱ्या द्रवाने भरलेला घडीचा डबा असे. पुढे रेडिएटरवर दाबाचं झाकण आलं तेव्हा तो डबा पडला, कारण पाण्याच्या दाबाने त्याची उघडण्याची वेळ चुकायची. मेणाला दाबाची फिकीर नसते. मला या विषयावर आणखी पानभर लिहायला आवडेल, पण संपादक डोळे वटारतील.

गाडीत थर्मोस्टॅट आहे की नाही हे झाकण न उघडताही कळतं. सकाळी गार इंजिन चालू करा आणि, पंख्यापासून बाही सांभाळून, रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा. थर्मोस्टॅट असेल तर काटा बराच वर येईपर्यंत होज जवळपास गार राहतो आणि मग थोड्या वेळात चटका बसण्याइतका तापतो. नसेल तर तो पहिल्यापासून इंजिनाबरोबर कोमट होत जातो.

थर्मोस्टॅटविना ही गाडी घाटात तापते आणि सपाटीवर, विशेषतः पौष-माघातल्या पहाटे, हवी तेवढी गरम होत नाही. गार डिझेल इंजिन जास्त तेल पितं, जास्त काळं सोडतं आणि सिलिंडरच्या भिंती लवकर झिजवतं. एप्रिल २०२० पासून आपल्या डिझेलमधला गंधक दहा पीपीएमवर आल्याने आम्लाने होणारी झीज कमी झाली, पण झीज थांबलेली नाही. काही हुशार मंडळी थर्मोस्टॅट काढून बायपासला बूच मारतात. घाटात ते निभावतं. पण रोज सकाळी गार इंजिनात सगळं पाणी रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिनाला गरम व्हायला तास लागतो. मी ते करणार नाही.

नवा घेताना जुना बरोबर न्या आणि दुकानात दोन्ही शेजारी ठेवा. उंची जुळली पाहिजे, नाहीतर लहान चकती बायपासच्या तोंडापर्यंत पोचतच नाही आणि पैसे देऊनही आजार तसाच राहतो. एका चकतीचा तुकडा "हाच बसतो" म्हणून कोणी पुढे केला तर घेऊ नका. काठावर बारीक भोकात हलणारी छोटी पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवून बसवा, अडकलेली हवा तिथून निघते. घराच्या आतला पांढरा थर खरवडून काढा. विहिरीचं पाणी घालण्याचं हे फळ, आणि नागाव-रेवदंड्याकडच्या खारट विहिरींचं तर विचारूच नका. त्यावर वेगळा भाग येणार आहे.

श्रीवर्धनकरांनी थर्मोस्टॅट बसवून, कूलंट भरून, हवा काढून, कॅम्परची पाण्याची टाकी भरलेलीच ठेवून घोणसे घाट चढावा. काटा मधे राहिला तर मला कळवा. तरीही लालकडे गेला तर संशय हेड गॅसकेटवर, आणि ते पुढच्या वेळी नक्की. त्या तपासणीला इंजिन रात्रभर थंड झालेलं लागतं, तेव्हा सकाळी दूध आणायला ती गाडी नेऊ नका.