मोटारसायकलवरील वळणतंत्र

मोटारसायकल वळणावरून सुरक्षितपणे नेण्यासाठी चालकाने वापरावयाची शरीराची ठेवण, नजर, वेगनियंत्रण आणि हँडलचा वापर यांच्या एकत्रित पद्धतीस वळणतंत्र असे म्हणतात. पुढे झुकून बसावे लागणाऱ्या स्पोर्ट्‌स मोटारसायकलींच्या बाबतीत या तंत्रास विशेष महत्त्व आहे. त्याचा उगम शर्यतींत असला, तरी सार्वजनिक रस्त्यावर त्याचा हेतू वेग वाढवणे हा नसून सुरक्षिततेसाठी काही अंतर राखून ठेवणे हा असतो.

भौतिक तत्त्व

वळणावर दुचाकी आतल्या बाजूस कलल्याशिवाय तोल राहत नाही. या कलाच्या कोनाची स्पर्शज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि वळणाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात ठरते. ५० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणासाठी सैद्धांतिक कल पुढीलप्रमाणे येतो:

* ताशी ४० किलोमीटर – सुमारे १४ अंश
* ताशी ६० किलोमीटर – सुमारे ३० अंश
* ताशी ७० किलोमीटर – सुमारे ३८ अंश
* ताशी ८० किलोमीटर – सुमारे ४५ अंश

टायरला रुंदी असल्याने प्रत्यक्षातील कल याहून थोडा अधिक असतो. ताशी ६० किलोमीटरला सुमारे ०.५७, तर ८० किलोमीटरला सुमारे १ इतका घर्षणगुणांक लागतो. कोरड्या, स्वच्छ डांबरी रस्त्यावर तो साधारणतः ०.७ ते ०.९ असतो; ओल्या रस्त्यावर बराच कमी आणि सुट्या वाळूवर त्याहूनही कमी होतो. म्हणजे ज्या वळणावर ताशी ६० किलोमीटर हा वेग सहज वाटतो, त्याच वळणावर केवळ २० किलोमीटरची वाढ टायरच्या क्षमतेपलीकडे जाऊ शकते.

उलट हँडल

ठरावीक वेगाच्या पुढे मोटारसायकल डावीकडे वळवण्यासाठी हँडलची डावी मूठ हलकेच पुढे ढकलावी लागते. त्यामुळे पुढचे चाक क्षणभर उजवीकडे वळते, गाडी डावीकडे कलते आणि मग डावे वळण घेते. बहुतेक चालक ही क्रिया नकळत करतात. संकटाच्या क्षणी मात्र हात आखडतात आणि गाडी वळत नाही, असे वाटू लागते. म्हणून ही क्रिया जाणीवपूर्वक शिकणे आवश्यक मानले जाते.

शरीराची ठेवण

चालकाने शरीर आतल्या बाजूस नेले की गाडी व चालक यांचा एकत्रित गुरुत्वमध्य आत सरकतो आणि त्याच वेगाला गाडी कमी कलवावी लागते. १९७०च्या दशकात फिनलंडचे यार्नो सारिनेन आणि पुढे अमेरिकेचे केनी रॉबर्ट्‌स यांच्यामुळे आसनावरून आत सरकून गुडघा बाहेर काढण्याची शैली शर्यतींत रूढ झाली. रॉबर्ट्‌स यांनी १९७८ ते १९८० अशी सलग तीन वर्षे ५०० सीसी गटाचे विश्वविजेतेपद मिळवले. रस्त्यावर गुडघा टेकवण्याची गरज नसते; पुढील बाबी पुरेशा ठरतात:

* पायांचे चवडे फूटरेस्टवर ठेवणे
* बाहेरच्या बाजूची मांडी टाकीला घट्ट टेकवून शरीराचा भार पायांवर घेणे
* कोपर सैल ठेवणे व हँडलवर भार न टाकणे
* खांदे किंचित आत झुकवून हनुवटी आतल्या आरशाच्या दिशेने नेणे
* डोके सरळ ठेवून वळण जेथे संपते तेथे पाहणे

यांपैकी शेवटची बाब सर्वांत निर्णायक असते. खड्डा किंवा समोरचे वाहन यांवर नजर खिळली की गाडीही तिकडेच ओढली जाते.

वेग व ब्रेक

वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी केला जातो. वळणात एक्सलरेटर हलका व स्थिर ठेवला जातो. टायरची पकड मर्यादित असते. ती कलण्यात खर्च होत असताना जोराचा ब्रेक लावल्यास चाक घसरते. साधी एबीएस यंत्रणा चाक जाम होऊ देत नाही, परंतु कललेल्या गाडीची हरवलेली पकड परत आणू शकत नाही.

अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकट्या मोटारसायकलच्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश अपघातांत चालकाची चूक आढळली. अतिब्रेकमुळे घसरणे आणि अधिक वेगामुळे किंवा गाडी पुरेशी न कलवल्यामुळे वळणाबाहेर जाणे, या त्यांतील नेहमीच्या चुका होत्या.

नांदेड व लातूर परिसरातील परिस्थिती

तुळजापूर ते बुटीबोरी हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा आणि नांदेड यांना जोडतो. रस्ता दीर्घकाळ सरळ असल्यास वेगाची जाणीव बोथट होते आणि पुढे येणारे वळण प्रत्यक्षाहून सोपे भासते. किनवट–माहूर भागातील डोंगराळ रस्त्यांवर वळणे जवळजवळ येत असल्याने प्रत्येक वळणासाठी वेगळा वेग निवडावा लागतो.

काळ्या जमिनीच्या प्रदेशात पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला चिखल रस्त्यावर येतो. ओलाव्याने फुगणाऱ्या व उन्हाळ्यात आकसणाऱ्या या मातीमुळे रस्ता लाटांसारखा उंचसखल होतो आणि वळणातच टायरवरील दाब बदलतो. खळ्यांच्या दिवसांत रस्त्यावर पसरलेले सोयाबीन किंवा तूर, गळीत हंगामात सांडलेला ऊस आणि उन्हाळ्यात पाझरलेले डांबर यांमुळेही पकड घटते.

भारतात वाहने डाव्या बाजूने चालत असल्याने उजव्या वळणावर एक विशेष धोका संभवतो. टायर आपल्या बाजूस असले, तरी कललेल्या चालकाचे डोके व खांदा मध्यरेषेपलीकडे जाऊ शकतात. समोरून उसाने भरलेली ट्रॉली येत असेल आणि ऊस तिच्या बाहेर आलेला असेल, तर ही चूक प्राणघातक ठरू शकते. म्हणून उजव्या वळणात डावीकडे पुरेसे अंतर राखले जाते. डाव्या वळणात पुढचे कमी दिसते. तेथे दिसणाऱ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवणे इष्ट असते.

सराव व कायदा

सराव वाहतुकीपासून दूर, परवानगी घेतलेल्या मोकळ्या मैदानावर केला जातो. फक्कीने आखलेल्या वर्तुळात व इंग्रजी आठच्या आकारात कमी वेगाने गाडी फिरवून आधी नजर, मग हँडल आणि शेवटी शरीराची हालचाल पक्की केली जाते. नव्या टायरवर सुरुवातीचे शंभर-दीडशे किलोमीटर विशेष काळजी घ्यावी लागते. वेगाच्या सरावासाठी चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई व कोइमतूर येथे शर्यत-मार्ग आहेत.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार हेल्मेट बंधनकारक आहे, तर कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर विनापरवानगी शर्यत लावणे हा गुन्हा आहे.

हे सुद्धा पहा

* मोटारसायकल
* घर्षण
* केंद्राभिमुख बल
* रस्ता सुरक्षा