परमुलखातला पहिला आठवडा



ऊस लावणीच्या नोंदी घेत आम्ही एका सभासदाच्या वस्तीवर गेलो, तेव्हा त्यांची लेक जर्मनीहून फोनवर बोलत होती. ती तिकडे 'ओ पेर' म्हणून गेली आहे. म्हणजे परक्या कुटुंबात राहायचे, त्यांची मुले सांभाळायची आणि भाषा शिकायची. या फ्रेंच शब्दाचा अर्थच 'बरोबरीच्या नात्याने'.

पहिले दिवस जड गेले. परीक्षा देऊन भाषा शिकलेली, पण चार वर्षांच्या पोराचे बोलणे कळेना. रविवारी कणीक आणायला निघाली, तर दुकाने बंद! रात्री उशीत तोंड खुपसून रडली. मग त्या पोरानेच एकेक वस्तू दाखवून शब्द शिकवले.

सहाव्या दिवशी खरा पेच आला. मुलांबरोबर साऱ्या घराची झाडलोट, धुणी अंगावर पडली. काम नऊ तासांवर गेले. पोरीने करारपत्र पुढे ठेवले. दिवसाला ६ आणि आठवड्याला ३० तासांपेक्षा जास्त काम नाही, आठवड्यात दीड दिवस सुट्टी, महिना २८० युरो हातखर्च, विम्याचा खर्च कुटुंबाकडे. घरमालकीण वरमली.

वडील म्हणाले, "साहेब, मी तर परत ये म्हणणार होतो. पोरीनंच निभावलं बघा."

आमचे सांगणे एवढेच. मुलीला धाडण्याआधी करार ओळन् ओळ समजून घ्या, एक प्रत घरी ठेवा. उसाच्या वजनाची पावती आपण जपतोच की! मग लेकीचा कागद का नाही?