प्रयोगवही कशी लिहावी?

विज्ञानाच्या तासाला प्रयोग करणें विद्यार्थ्यांस आवडतें. परंतु तो वहींत लिहून काढणें पुष्कळांना ओझें वाटतें. वास्तविक लिहिल्यावांचून प्रयोग पुरा होत नाहीं. आपण जें केलें तें दुसऱ्यालाहि तसेंच करून पाहतां यावें, हा प्रयोगवहीचा मुख्य हेतु होय.

तिचे भाग ठरलेले आहेत: उद्देश, साहित्य, आकृति, कृति, निरीक्षण व अनुमान. यांपैकीं शेवटच्या दोहोंची गल्लत करूं नये. चुन्याच्या निवळींत नळीनें फुंकल्यावर ती दुधाळ झाली, हें निरीक्षण. उच्छ्वासांत कार्बन डाय-ऑक्साइड असतो, हें अनुमान. पहिलें डोळ्यांस दिसतें, दुसरें विचारानें काढावें लागतें. आकडा पाहतांक्षणींच परिमाणासह टिपावा. चुकल्यास त्यावर एक रेघ ओढावी. खरडून काढूं नये.

सर्वांत मोठा मोह पुस्तकांतील उत्तर उतरून घेण्याचा. पाणी १०० अंश सेंटिग्रेडला उकळतें असें पुस्तक सांगतें. पण तें समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाखालीं. आपलें चाळीसगांव समुद्रसपाटीपासून तीनशें मीटरांहून अधिक उंच आहे. येथें हवेचा दाब कमी, म्हणून शुद्ध पाणी सुमारें ९९ अंशांवरच उकळतें. जो विद्यार्थी ९९ पाहून १०० लिहितो, तो खरें उत्तर पुसून टाकतो, आणि "असें कां?" हा प्रश्नहि त्याबरोबर नाहींसा करतो.

प्रामाणिक नोंदीचें मोल किती, हें मुंबईच्या कुलाबा वेधशाळेच्या उदाहरणावरून दिसेल. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभीं सूर्यावरील उत्पातामुळें पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रांत प्रचंड वादळ झालें. अशा वादळांचें कारण तेव्हां उलगडलेलें नव्हतें. तरी उपकरणाचें वाचन एकाएकीं भलतेंच ढळलेलें पाहूनहि तेथील निरीक्षकांनीं जें दिसलें तेंच वेळेसह लिहून ठेविलें. पुढें २००३ सालीं शास्त्रज्ञांनीं याच जुन्या आकड्यांवरून त्या वादळाचा जोर ठरविला. कुलाब्यास चुंबकबलांत सुमारें १६०० नॅनोटेस्ला इतकी घट झाली होती. उपकरण बिघडलें असें समजून कोणी नेहमींचा आकडा लिहिला असता, तर हें ज्ञान जगास मिळालें नसतें.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, उत्तर पुस्तकाशीं जुळलें नाहीं म्हणून तें बदलूं नका. प्रयोग पुन्हां करा. तरीहि फरक राहिला, तर त्याचें कारण शोधा, आणि तें अनुमानाखालीं निःसंकोचपणें लिहा.