जुन्या घराची ओल आणि परसातील वेल

आमचे गाव धूलकोट. बुऱ्हाणपूर जिल्ह्यात सातपुड्याच्या कुशीत ते वसले आहे. धूळकोट म्हणजे मातीचा तट. नाव मातीचे आणि गावातील जुनी घरेही मातीचीच. हातभर जाडीच्या भिंती, सागवानी खांब, वर नळीची कौले आणि मागे परस, असे आमच्या आजोबांनी बांधलेले घर आहे. वैशाखातील उन्हात बाहेर पाय भाजत असता आत ओसरीवर सुखाने डोळा लागावा, असे त्या भिंतींचे सामर्थ्य. अशा घरात वाढलेल्या माणसास त्याची किंमत सहसा कळत नाही. आम्हांसही ती उशिराच कळली.

काही वर्षांपूर्वी पागोळ्यांच्या बाजूची भिंत पायथ्याशी झडू लागली. गवंड्यास बोलाविले. त्याने जमिनीपासून तीन फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा करून दिला. भिंत गुळगुळीत झाली, नाताळच्या आधी रंगही लागला, आणि पाहुण्यांनी कौतुक केले. तीन पावसाळे गेले. एके दिवशी आईने भिंतीस टेकून ठेवलेली परात उचलली आणि तिच्यामागोमाग गिलाव्याचा एक मोठा पत्राच सुटून खाली आला. आतील माती ओल्या कणकेसारखी झालेली! धाकटे बंधू म्हणाले, “दादा, हे पाडून टाकू या आणि स्लॅबचे बांधू या.” आई काहीच बोलली नाही. ती परसात जाऊन वालाच्या वेलाजवळ बसली. त्या वेलाचे बी तिच्या सासूबाईंनी तिला दिलेले आहे, आणि नव्या आराखड्यात स्लॅबच्या घराचा पाया नेमका त्या वेलावरून जात होता.

वाचकहो, घर पाडण्याच्या आधी ते का खचते आहे हे पाहावे. एवढी साधी गोष्ट आम्ही केली नव्हती.

मातीची भिंत जमिनीतील ओल शोषून घेते आणि ती वाऱ्यास देऊन टाकते. तिचा हा व्यवहार रोज चालू असतो. सिमेंटचा थर बाहेरचे पाणी अडवितो खरा, परंतु आतील ओलही अडवितो. शिवाय उन्हाने व थंडीने माती आणि सिमेंट सारखेच फुगत किंवा आकसत नाहीत. दोहोंमध्ये फट पडते, फटीतून पाणी शिरते, आणि आत शिरलेल्या पाण्यास बाहेर पडण्यास वाट उरत नाही. चुन्याची गोष्ट वेगळी. विरविलेला चुना हवेतील कर्बवायू घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडकासारखा कठीण होतो, तरी तो भिंतीचा श्वास कोंडीत नाही. आपल्या वाडवडिलांनी मातीवर शेणामातीचा हात आणि त्यावर चुन्याची सफेदी दिली, ती केवळ दारिद्र्यापोटी दिली असे समजण्याचे कारण नाही.

ही गोष्ट शिकलेल्या लोकांनीही मान्य केली आहे. लॉरी बेकर हे 1917 साली बर्मिंगहॅम येथे जन्मलेले वास्तुशिल्पज्ञ 1945 साली कुष्ठरोग्यांच्या सेवाकार्यानिमित्त भारतात आले. पिथोरागढच्या डोंगराळ भागात त्यांनी व त्यांच्या डॉक्टर पत्नीने अनेक वर्षे घालविली. आपण विलायतेत शिकलेली विद्या येथे अपुरी पडते, आणि गावकऱ्यांच्या दगडामातीच्या बांधणीत मात्र शहाणपण आहे, हे त्यांनी तेथे पाहिले. पुढे केरळात त्यांनी स्वस्त व टिकाऊ घरे बांधली. 2007 साली तिरुवनंतपुरम येथे ते निवर्तले.

आमच्या घराचे काम आम्ही उलट्या क्रमाने सुरू केले. गिलावा सर्वांत शेवटी ठेवला. प्रथम छप्पर. ज्येष्ठात घर शाकारले, फुटकी कौले बदलली आणि वाळवी लागलेले वासे काढले. वळचण भिंतीपासून जेमतेम वीतभर पुढे होती; ती वाढवून दोन फूट केली. नंतर जोते. वर्षानुवर्षे अंगण सारवून आणि माती टाकून बाहेरची जमीन जोत्याच्या दगडांहून वर आलेली होती. ती खणून काढली, आणि घरापासून दहा फुटांत सहा इंच उतरेल असा ढाळ दिला. हे काम कंटाळवाणे खरे, आणि पाहुणे त्याचे कौतुकही करीत नाहीत. तथापि पुढच्या पावसाळ्यात भिंतीचा पायथा कोरडा राहिला, तो या खणण्यामुळेच.

ढाळ देण्याची विद्या आपल्या मुलखास नवी नाही. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळात, 1615 साली झाला. सातपुड्याच्या उतारावर जमिनीत मुरलेले पाणी भुयारातून केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणलेले आहे. 2024 साली त्याचे नाव जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. तेथे पाणी हवे होते म्हणून आणले. आम्हांस ते भिंतीजवळून न्यावयाचे होते, इतकाच फरक.

पण न्यावयाचे कोठे? येथे परस उपयोगी पडला. पूर्वी मोरीचे पाणी भिंतीलगतच मुरे, कारण अळू तेथे लावलेले होते. अळू माजले आणि भिंत खचली. आता चर खणून ते पाणी दहा-बारा फूट दूर नेले आहे. चराच्या तोंडाशी अळू आणि केळ, कारण साबणाचे पाणी त्यांस चालते. मेथी, पालक आणि कोथिंबीर यांना ते देऊ नये. पालेभाजीचे वाफे वरच्या अंगास करून त्यांना विहिरीचे पाणी द्यावे. शेवग्याची फांदी जून महिन्यात लावली तर सहज जगते, परंतु तिचे लाकूड ठिसूळ असते व वाऱ्यात मोडते, म्हणून तीही छपरापासून दूर. दोडका, कारली आणि दुधी यांस आम्ही बांबूचा मांडव केला. आईस हे पसंत नव्हते. तिच्या सासूबाई दुधीचा वेल सरळ कौलांवर चढवीत. त्याची सावली घरास गार ठेवी हे खरे, पण दुधी तोडावयास कोणी चढला म्हणजे चार कौले फुटत, आणि ती कोठे फुटली हे श्रावणात पाळण्यावर पाणी टपकल्यावर कळे.

माती हा आणखी एक विषय आहे. गावाची पांढरी आणि शेताची काळी, असे आपण म्हणतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून भिंतीस तिचा हात कधी देऊ नये. भिंतीस पांढरी माती, गव्हाचा भुसा आणि शेण. हे मिश्रण चार-आठ दिवस भिजवून तुडवावे; भुशाच्या काड्या मऊ झाल्या म्हणजे लिंपण तडकत नाही. याउलट भिंतीतून निघालेली जुनी माती परसात खताचे काम करते. गावाच्या जुन्या पांढरीची माती शेतकरी पूर्वीपासून गाड्या भरून शेतात नेत आले आहेत, ते याच कारणाने. आम्हीही आपली खचलेली भिंत वांग्यांच्या वाफ्यांत घातली. सिमेंटचे तुकडे मात्र वेचून बाजूस टाकावे लागले. त्या कामी मुलांचे दोन रविवार गेले. चुन्याचे पोपडेही आम्ही वाफ्यात टाकले नाहीत, कारण आमची काळी जमीन आधीच चुनखडी आहे.

खचलेला भाग कच्च्या विटांनी व मातीने भरून काढला. त्यावर लिंपण झाले, आणि ते पुरते सुकल्यावर कळीचा चुना विरवून, त्यात थोडा डिंक घालून सफेदी केली. चुना उकळत असता मुलांस जवळ येऊ देऊ नये. डोळ्यांस तो फार घातक असतो.

सगळेच साधले आहे असे नाही. मागचा कोपरा अद्याप फुगलेला आहे, आणि तेथील खांब जमिनीत कुजला आहे. येत्या ज्येष्ठात त्याखाली दगडी बैठक घालावयाची आहे. बंधूंनी स्लॅबच्या घराचा विचार अगदी सोडला आहे असेही म्हणवत नाही. त्याचा आराखडा त्यांच्या पेटीत आहे. परंतु दसऱ्यानंतर वालाला शेंगा धरल्या, तेव्हा पहिली टोपली आईने त्यांच्याच घरी पाठविली, आणि बियाण्यासाठी राखलेल्या शेंगा त्यांच्या सूनबाईंच्या पदरात घातल्या.